घराण्याची पाटी आणि तळोज्याची भिंत

नोव्हेंबर २०२० मध्ये चार दिवस आमच्या पनवेल तालुक्यातले तळोजा कारागृह देशभरच्या टीव्हीवर झळकत होते. एरवी तळोजा म्हटले की लोकांना एमआयडीसीचा धूर आठवतो, फार तर कासाडी नदीचे पाणी. त्या चार दिवसांत मात्र कारागृहाच्या फाटकासमोर ओबी व्हॅनची रांग होती. कारण आत एक वृत्तनिवेदक होता : अर्णब गोस्वामी.

शाळा तेव्हा बंद होत्या. आम्ही उर्दू माध्यमाचे मास्तर, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर धडे पाठवायचो. आठवीच्या एका मुलाने त्या ग्रुपवर विचारले, ''सर, हा माणूस आमदार आहे की मंत्री?'' आम्ही लिहिले, ''दोन्ही नाही. तो टीव्हीवर बातम्या सांगतो.'' मुलाचा पुढचा प्रश्न आला, ''मग मंत्री त्याला घाबरतात का?''

या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या दिवशी दिले नाही. ते आज या पानांवर देतो आहोत.

तीन बाजूंनी राजकारण

अर्णब गोस्वामी यांचा जन्म १९७३ चा, गुवाहाटीचा. त्यांचे आजोबा रजनीकांत गोस्वामी वकील आणि काँग्रेसचे पुढारी. आईचे वडील गौरीशंकर भट्टाचार्य कम्युनिस्ट, आसाम विधानसभेत विरोधी पक्षनेते राहिलेले. वडील मनोरंजन गोस्वामी लष्करात अधिकारी. निवृत्तीनंतर भाजपमध्ये आले आणि १९९८ साली गुवाहाटीतून लोकसभा लढवून पराभूत झाले. मामा सिद्धार्थ भट्टाचार्य आसाम भाजपचे प्रदेशाध्यक्ष होते, २०१६ मध्ये आमदार झाले आणि पुढे मंत्रीही. म्हणजे एकाच घरात काँग्रेस, कम्युनिस्ट आणि भाजप असे तिन्ही झेंडे फडकून गेले.

शिक्षण दिल्लीच्या हिंदू कॉलेजात आणि नंतर ऑक्सफर्डला. नोकरीची सुरुवात १९९४ साली कोलकात्याच्या 'टेलिग्राफ'मध्ये. १९९५ पासून एनडीटीव्ही. २००६ साली मुंबईत 'टाइम्स नाऊ' सुरू झाले, त्याचे ते प्रमुख चेहरे. तिथला त्यांचा रात्री नऊचा दरबार दहा वर्षे चालला. नोव्हेंबर २०१६ मध्ये ते बाहेर पडले आणि ६ मे २०१७ रोजी 'रिपब्लिक' सुरू झाले. त्या वाहिनीत भांडवल घालणाऱ्यांत राजीव चंद्रशेखर हे तेव्हाचे राज्यसभा खासदार होते. ते केरळमधल्या रालोआचे उपाध्यक्ष होते, पुढे २०१८ मध्ये रीतसर भाजपमध्ये आले. २०१९ मध्ये 'रिपब्लिक भारत' ही हिंदी वाहिनी निघाली. त्याच वर्षी वाहिन्यांची जुनी संघटना सोडून नवी संघटना उभी राहिली आणि तिचे अध्यक्षही तेच झाले.

हा आलेख मेहनतीचा आहे, हे नाकारण्याचा कोतेपणा आम्ही करणार नाही. सभेतला वक्ता जसा श्रोत्यांची नाडी ओळखतो तशी प्रेक्षकांची नाडी त्यांनी ओळखली. २६/११ च्या हल्ल्याच्या वेळी तासन्तास कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याची चिकाटीही त्यांच्यात होती. आमचा आक्षेप वेगळा आहे. हा माणूस रोज रात्री दिल्लीच्या 'ल्युटेन्स' वर्तुळावर कोरडे ओढतो आणि आपण प्रस्थापितांच्या बाहेरचे, सामान्य जनतेचे वकील आहोत, असा आव आणतो. आजोबा विरोधी पक्षनेते, वडील लोकसभेचे उमेदवार, मामा मंत्री, शिक्षण ऑक्सफर्डचे, भांडवलदार खासदार. आणि तरी बाहेरचे! मग मुंब्र्याच्या चाळीतला बातमीदार कुठला म्हणायचा?

घराणे असणे हा गुन्हा नव्हे

कुणी म्हणेल, राजकीय घरात जन्मलेल्या माणसाने पत्रकार होऊच नये का? जरूर व्हावे. पत्रकारिता आणि राजकारण यांची सोयरीक आपल्या मुलखाला नवी नाही. टिळकांनी 'केसरी' चालवला आणि त्यातल्या लेखांसाठी १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा भोगली. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला तो अस्पृश्यांची बाजू मांडायलाच. आचार्य अत्रे 'मराठा'चे संपादकही होते आणि १९५७ मध्ये निवडून आलेले आमदारही. उर्दूत मौलाना आझादांनी १९१२ मध्ये कोलकात्यातून 'अल-हिलाल' काढले. हसरत मोहानींना १९०८ मध्ये 'उर्दू-ए-मुअल्ला'तल्या एका लेखापायी तुरुंगात जावे लागले. त्यांच्याही आधी १८५७ साली 'दिल्ली उर्दू अखबार'चे मौलवी मुहम्मद बाकर यांना इंग्रजांनी ठार मारले.

या सगळ्यांना पक्ष होता, मत होते, शत्रू होते. पण त्यांच्या दुकानावर पाटी होती. 'केसरी' हातात घेणाऱ्याला ठाऊक असायचे की हे टिळकांचे पत्र आहे. आजही 'सामना' उघडणाऱ्याला ते ठाकरेंच्या शिवसेनेचे पत्र आहे हे सांगावे लागत नाही. आमच्या रायगडात 'कृषीवल' वाचणाऱ्याला शेतकरी कामगार पक्षाशी त्याचे नाते माहीत असते. 'लोकमत' दर्डांचा आहे आणि दर्डा घराण्यातून मंत्री आणि खासदार झाले, हे विदर्भ-मराठवाड्यातला चहावालाही सांगेल. वाचक त्या हिशेबाने मीठ घालून वाचतो.

टीव्हीच्या पडद्यावर ही पाटी नाही. तिथे 'राष्ट्र' नावाची एकच पाटी आहे. निवेदक म्हणतो, राष्ट्राला जाणून घ्यायचे आहे. त्याने राष्ट्राला कधी विचारले? निवडणूक लढवणारा बाप लोकांकडे जाऊन मत मागतो आणि हरलाच तर घरी बसतो. मुलगा निवडणूक न लढवता रोज रात्री एकशे चाळीस कोटींच्या वतीने बोलतो, आणि त्याला हरवायची सोय कुठल्याच मतपेटीत नाही. त्या आठवीच्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. मंत्री पाच वर्षांनी लोकांसमोर जातो, हा माणूस रोज रात्री नऊ वाजता जातो. मग घाबरणार कोण?

त्या वर्षी आमच्या दारात काय आले

आता दुखणे सांगतो.

मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजात तबलीगचे लोक जमले होते. टाळेबंदी आली आणि ते अडकले. त्यांच्याकडून चूक झाली असेल, गाफीलपणा झाला असेल. त्यावर टीका करण्याचा हक्क सर्वांना आहे आणि आमच्यातल्याही अनेकांनी ती केली. पण रिपब्लिकसह कितीतरी वाहिन्यांनी हा विषय आठवडेच्या आठवडे असा लावून धरला की साथीला धर्म चिकटला. समाजमाध्यमांवर 'कोरोना जिहाद' हा शब्द फिरू लागला.

दिल्लीत स्टुडिओ तापला आणि चटका पनवेलला बसला. आमच्या मोहल्ल्यातला एक भाजीवाला वीस वर्षे एका वसाहतीत हातगाडी नेत होता. त्याला फाटकावरच सांगण्यात आले, ''चाचा, काही दिवस येऊ नका.'' ते काही दिवस सरले नाहीत. आमच्या एका विद्यार्थिनीची आई धुणीभांडी करायची, तिची तीनपैकी दोन घरे सुटली. साथीच्या भीतीने सगळ्याच बायांची कामे गेली, हे खरे. पण टाळेबंदी उठल्यावर इतर बाया परत बोलावल्या गेल्या, तिला निरोप आला नाही. आणि सातवीतल्या एका पोराने फोन करून आम्हांला विचारले, ''सर, आपण पसरवला का?'' त्या 'आपण' या शब्दाने आम्ही रात्रभर जागे राहिलो. बारा वर्षांचे पोर. त्याने दिल्ली पाहिलेली नाही, तबलीगच्या जमातीत कधी गेलेले नाही, आणि ते स्वतःला आरोपी समजून बसले होते.

पुढे १४ एप्रिल २०२० रोजी गावी जाण्यासाठी परप्रांतीय मजूर वांद्रे स्टेशनाबाहेर जमले. शेजारी मशीद आहे, म्हणून चर्चेत मशीद आली. त्यानंतर दोनच दिवसांनी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावी दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने मारले. भयंकर, लाजिरवाणी घटना. देशभर कुजबुज सुरू झाली ती पुन्हा आमच्याच नावाने. शेवटी राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावे लागले की यात एकही मुसलमान नाही. जरा विचार करा, वाचकहो. एखाद्या राज्याच्या गृहमंत्र्याला असा खुलासा करावा लागतो, यातच त्या दिवसांची हवा किती बिघडली होती ते कळते.

वांद्रे आणि पालघर या विषयांवरील कार्यक्रमांबद्दल गोस्वामींवर गुन्हे नोंदवले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी त्यांना स्थगिती दिली. प्रथमदर्शनी गुन्हा दिसत नाही, त्यांचा रोख काँग्रेस आणि सोनिया गांधींवर होता, असे न्यायालय म्हणाले. आम्ही हे मान्य करतो. कायद्याच्या पुस्तकात गुन्हा नसेल. पण गुन्हा न करणे एवढीच का पत्रकाराची लायकी? आमच्या वर्गात जो मुलगा खिडकी फोडत नाही तो तेवढ्याने पास होत नाही.

तबलीगचे काय झाले तेही सांगू. कारण ज्यांनी आरोप सांगितला त्यांनी निकाल त्याच आवाजात सांगितला नाही. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने महाराष्ट्रातल्या २९ परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले. संकट आले की सत्ता बळीचा बकरा शोधते आणि इथे यांना तसे निवडले गेल्याची शक्यता दिसते, अशा आशयाचे त्यात लिहिले. वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी यांच्याविरुद्ध मोठा प्रचार केला, हेही नोंदवले. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने ३६ परदेशी निर्दोष सोडले. जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या परदेशी पाहुण्यांना आसरा दिल्याच्या आरोपातून ७० भारतीयांना मोकळे केले. पाच वर्षे लागली. तोवर त्या भाजीवाल्याने गाडी विकली होती.

तळोज्याच्या भिंतीआड दोघे

आता पुन्हा तळोज्याकडे येऊ. ४ नोव्हेंबर २०२० रोजी गोस्वामींना वरळीच्या घरातून अटक झाली. प्रकरण अलिबागचे होते. २०१८ मध्ये एका इंटिरिअर डिझायनरने आत्महत्या केली होती आणि पैसे थकवल्याचा आरोप करणाऱ्या चिठ्ठीत इतर दोघांबरोबर यांचेही नाव होते. वाहिनीने हा आरोप नाकारला. पोलिसांनी २०१९ मध्ये फाइल बंद केली आणि २०२० मध्ये, सरकार बदलल्यावर, पुन्हा उघडली. आधी त्यांना अलिबागच्या एका शाळेत ठेवले, कारण साथीमुळे तिथे तात्पुरते कारागृह केले होते. ८ नोव्हेंबरला तळोज्यात आणले. ११ नोव्हेंबरला, दिवाळीच्या सुट्टीत, सर्वोच्च न्यायालय बसले आणि त्याच रात्री ते बाहेर आले. स्वातंत्र्य एक दिवस हिरावले गेले तरी तो एक दिवस फार झाला, असे त्या प्रकरणाच्या २७ नोव्हेंबरच्या निकालात न्यायालयाने म्हटले.

त्यांच्या अटकेच्या दिवशी आमच्यातल्या काहींनी मोबाइलवर हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगा पाठवल्या. एकाने पेढे वाटण्याची भाषा केली. आम्ही तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो, हे चूक होते. ज्या सरकारने आज त्यांची बंद फाइल उघडली ते उद्या कुणाचीही उघडेल. पहिली झळ कुणाला बसते ते आम्हांला शिकवायला नको. सर्वोच्च न्यायालयाचे ते वाक्य सोन्याचे आहे. आमचे भांडण त्या वाक्याशी नाही, वजनकाट्याशी आहे.

कारण त्याच चार दिवसांत, त्याच तळोज्याच्या भिंतीआड, ८३ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी होते. पार्किन्सनने हात थरथरत असल्याने त्यांना पेला धरता येत नव्हता. पाणी प्यायला नळी आणि झाकणाचा पेला मिळावा म्हणून त्यांनी ६ नोव्हेंबरला न्यायालयात अर्ज केला होता. तपास यंत्रणेला उत्तर द्यायला वीस दिवस मिळाले. एकासाठी सर्वोच्च न्यायालय सुट्टीत बसले, दुसऱ्याच्या पाण्याच्या नळीला तीन आठवडे लागले. ५ जुलै २०२१ रोजी फादर वारले, जामिनाचा अर्ज तसाच पडून.

आणि पत्रकाराचीच गोष्ट हवी असेल तर केरळचे सिद्दीक कप्पन घ्या. हाथरसला बातमीसाठी जाताना ५ ऑक्टोबर २०२० रोजी उत्तर प्रदेशात त्यांना अटक झाली, म्हणजे गोस्वामींच्या बरोबर एक महिना आधी. सर्वोच्च न्यायालयाचा जामीन मिळाला ९ सप्टेंबर २०२२ ला आणि ते बाहेर आले २ फेब्रुवारी २०२३ ला. एकाचे आठ दिवस, दुसऱ्याचे जवळजवळ अठ्ठावीस महिने. कप्पन यांच्या घराण्यात कुणी विरोधी पक्षनेता नव्हता, वाहिनीत कुणा खासदाराचे भांडवल नव्हते.

गोस्वामींनी बाहेर आल्यावर तळोज्यातल्या इतर कैद्यांसाठी, त्या म्हाताऱ्या पाद्र्यासाठी, तोच घसा कोरडा केला असता तर आम्ही आमचा हा लेख फाडून टाकला असता. आत जाऊन आलेला माणूस आतल्याचे दुःख जाणतो, असे आपण समजतो. तशी संधी त्यांना मिळाली होती.

आता आपल्याकडे

इथवर वाचून ज्यांना बरे वाटले असेल त्यांनी आता थोडे सावरून बसावे.

या दरबारात आपले लोक नव्हते का? रोज रात्री दाढी-टोपीवाला एक पाहुणा तिथे बसलेला असतो. त्याला दोन वाक्ये पुरी करू देत नाहीत, त्याच्यावर चौघे ओरडतात, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर! त्याला कौमने पाठवले नव्हते. वाहिनीला तसा चेहरा हवा होता, त्याला कॅमेरा हवा होता. त्या सौद्यात अब्रू मात्र आपली गेली. आणि आपण? आपण शिव्या देत देत तेच पाहतो. त्याच भांडणाची चित्रफीत 'देखो कैसा जवाब दिया' म्हणून पुढे ढकलतो. कार्यक्रमाचा भाव प्रेक्षकसंख्येवर ठरतो, आणि राग आलेला प्रेक्षकही प्रेक्षकच मोजला जातो.

आपली उर्दू दैनिकेही धुतल्या तांदळासारखी नाहीत. तिथेही पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती पानभर असतात आणि महानगरपालिकेच्या उर्दू शाळेच्या गळक्या छपराची बातमी चार ओळींची. पाटी लपवण्याचा आरोप दुसऱ्यावर करताना आपल्या भिंतीही पाहाव्यात.

आणि सर्वांत मोठी उणीव आमच्याच व्यवसायातली. पनवेल, तळोजा, उरण, पेणच्या उर्दू शाळांतून दरवर्षी मुले दहावी होतात. आम्ही विचारतो, काय होणार? डॉक्टर, इंजिनिअर, आखाती देशात नोकरी. मुली म्हणतात डी.एड., बी.एड. आजवर एकाही मुलाने 'पत्रकार' म्हटलेले आम्ही ऐकले नाही. म्हणेल तरी कसा? त्याचे उर्दू घरापुरते, मराठी कोकणी वळणाचे आणि बोलण्यापुरते; मराठीत एक अर्ज लिहायचा तर तो शेजाऱ्याकडे जातो. आम्ही मास्तरांनी त्याला मराठी 'सक्तीचा विषय' म्हणून शिकवले, हत्यार म्हणून दिले नाही. वांद्र्याच्या मशिदीसमोर त्या दिवशी काय घडले हे मराठीत लिहिणारा आपला बातमीदार तिथे उभा असता, तर निदान दुसरी एक बातमी तरी छापून आली असती.

घराणी घरात बसून होत नाहीत. गोस्वामींच्या घरी तीन पक्षांचे लोक होते, म्हणजे जेवताना तीन बाजूंचा वाद कानावर पडला असणार. मुलाला बोलायची भीती उरली नसणार. आपल्या घरात मुलाने प्रश्न विचारला की आपण म्हणतो, ''चूप बस, बड्यांच्या मध्ये बोलू नको.'' मग तो मोठा होऊन स्टुडिओतल्या ओरडणाऱ्यासमोर गप्प बसतो, यात नवल काय?

शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा आम्ही एक लहानसे काम सुरू केले. दर शनिवारी एकच बातमी तीन दैनिकांतून कापून आणायची : एक मराठी, एक उर्दू, एक हिंदी. मुलांनी प्रत्येक कात्रणाखाली चार प्रश्नांची उत्तरे लिहायची. हे कुणी पाहिले? कुणी सांगितले? ज्याच्यावर आरोप आहे त्याला विचारले का? आणि हे पत्र कुणाच्या मालकीचे? चौथ्या प्रश्नावर एका पालकाने हरकत घेतली, ''मास्तर, पोरांना राजकारण शिकवू नका.'' आम्ही म्हणालो, ''चाचा, राजकारण रोज रात्री नऊला तुमच्या घरात येते. आम्ही फक्त त्याचे नाव विचारायला शिकवतो.'' ते हसले नाहीत, पण पोराला शाळेत पाठवणे थांबवलेही नाही.

'आपण पसरवला का' असे विचारणारा तो मुलगा आता कॉलेजात आहे. गेल्या रमजानमध्ये भेटला. औरंगाबादच्या निकालाची बातमी त्याने दोन दैनिकांतून कापून वहीत चिकटवून ठेवली आहे, एक मराठी आणि एक उर्दू. मराठी कात्रणात तीन शब्द अडले होते, ते त्याने आम्हांला विचारले. आम्ही अर्थ सांगितले. मग त्यानेच आम्हांला विचारले, ''सर, ही बातमी आतल्या पानावर का होती?''

हा प्रश्न आम्ही त्याला शिकवला नव्हता.